रस्त्यावरचा फलक स्वतः विकत घेताना पैसे कशाकशाचे मोजावे लागतात

एकाच फलकासाठी तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यात महाग कोटेशन सगळ्यात स्वस्त कोटेशनच्या जवळजवळ पाचपट निघालं. तिघांनाही मी सांगितलं होतं ते एकच: ‘थांबा’ असा अष्टकोनी फलक हवा, खांबासकट, जागेवर बसवून.

मोजक्या घरांचा आमचा एक सामायिक खासगी रस्ता आहे. तो उतारावरून खाली येतो, शेवटच्या घराच्या दगडी कुंपणापाशी वळतो आणि लगेच मोठ्या रस्त्याला मिळतो. कुंपणामुळे डावीकडून येणारं वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हे कुंपण काढता येण्यासारखं नाही, म्हणून निदान फलक तरी लावू या असं ठरलं आणि खरेदीचं काम माझ्याकडे आलं. कोटेशनं बघून बहुतेकांचं मत पडलं की एवढाशा पत्र्याला एवढे पैसे कशाला, सगळ्यात स्वस्त घेऊन टाका. मला ते पटेना. फरक पाचपट असेल तर तिघं तीन वेगळ्या वस्तू विकत असणार, हे उघड होतं. मग मी प्रत्येकाकडून एकेका गोष्टीची किंमत सुटी करून मागितली आणि तिथून खरं चित्र दिसायला लागलं.

पत्र्यापासून सुरुवात करते, कारण लोकांना वाटतं की आपण विकत घेतो तो पत्रा. समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये ६०० मिलिमीटर अंतर असलेला अष्टकोन २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियममधून कापला तर त्याचं वजन भरतं साधारण १.६ किलो. चौकोनी पत्र्यातून अष्टकोन काढताना चार कोपरे मिळून १७ टक्के माल बाजूला पडतो. गोल फलकात तोच तोटा साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्रिकोण मात्र एक सरळ, एक उलटा असे शेजारी शेजारी मांडता येतात, त्यामुळे त्यात फार वाया जात नाही. हे सगळं धरूनसुद्धा पत्र्याचा खर्च एकूण बिलात लहानच राहतो. आकार वाढवला की मात्र तो झपाट्याने चढतो, कारण पैसे रुंदीचे नसून क्षेत्रफळाचे असतात. ६०० ऐवजी ९०० मिलिमीटर घेतला तर फलक दीडपट मोठा दिसतो, पण पत्रा आणि त्यावर चिकटवायची चमकणारी शीट दोन्ही सव्वादोनपट लागतात. वारा अडवणारं क्षेत्रही तितकंच वाढतं, म्हणजे खांब आणि पायाही वाढतो. आमच्या रस्त्यावर गाड्या रांगतच येतात. तिथे ६०० पुरेसा होता. सगळ्यात महाग कोटेशनमध्ये ९०० धरला होता, आणि वर कडेने लुकलुकणारे दिवे, सौर पॅनेल आणि बॅटरी. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार, तो खर्च कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

स्वस्त कोटेशनमध्ये लोखंडी पत्रा होता. लोखंडाला रंग दिला तरी भोकांच्या आणि कापलेल्या कडांच्या जागी गंज धरतो आणि वरची शीट फुगून सुटायला लागते. दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेले बोर्डही मिळतात. ते हलके आणि सपाट असतात, आणि भिंतीवर लावायच्या लहान फलकाला मी ते खुशाल घेईन. उघड्यावर, खांबावर, वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या फलकाला मात्र अखंड अ‍ॅल्युमिनियमच बरं.

आता खरी गोष्ट. फलकाची खरी किंमत त्याच्या चेहऱ्यावर चिकटवलेल्या शीटमध्ये असते, आणि दिवसा ती कुणालाच कळत नाही. दुकानात, उजेडात, तीन दर्जांचे तीन फलक शेजारी ठेवले तर तिन्ही सारखेच लालभडक दिसतात. रात्री हेडलाइटच्या झोतात त्यातला एक पेटल्यासारखा उठून दिसतो, दुसरा बरा दिसतो, आणि तिसरा असतो हेच कळत नाही.

याचं कारण साधं आहे. साधा पांढरा रंग प्रकाश सगळीकडे उधळतो. आरसा तो एकाच दिशेला, पण भलतीकडेच पाठवतो. रिफ्लेक्टिव्ह शीट प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते, थोडा कोन चुकला तरी. गाडीचा दिवा आणि चालकाचे डोळे यांच्यात फार अंतर नसतं, म्हणून परत येणारा तो झोत चालकाला दिसतो. जुन्या पद्धतीच्या शीटमध्ये हे काम काचेचे अतिसूक्ष्म मणी करतात, नव्या शीटमध्ये बारीक प्रिझम. १९३९ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ अशा शीटचा पहिला फलक लागला. ‘थ्री एम’ कंपनीची ‘स्कॉचलाइट’ होती ती.

या शीटच्या ताकदीचं मोजमाप आहे आणि ते विक्रेत्याला विचारता येतं. एएसटीएम डी ४९५६ या अमेरिकी मानकात शीटचे प्रकार ठरवून दिले आहेत आणि जगभरातले विक्रेते त्याच प्रकारांच्या भाषेत बोलतात. प्रकार १ म्हणजे साधी मण्यांची शीट. पांढऱ्या रंगासाठी तिला ठरलेल्या कोनात किमान ७० एकक प्रकाश परत पाठवावा लागतो. प्रकार ३ ला २५०, प्रकार ४ ला, म्हणजे प्रिझमच्या शीटला, ३६० आणि प्रकार ११ ला ५८०. एकक आहे दर लक्सला, दर चौरस मीटरला कॅन्डेला, पण ते लक्षात नाही राहिलं तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे, की प्रकार १ आणि प्रकार ४ मध्ये प्रकाशाचा फरक पाचपट आहे आणि ६०० मिलिमीटरच्या एका फलकापुरतं बघितलं तर किमतीतला फरक एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. इथे हात आखडता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टिकाऊपणाही वेगळा असतो. साध्या शीटला सहसा ७ वर्षांची आणि प्रिझमच्या शीटला १० वर्षांची हमी मिळते, म्हणजे वर्षाला भागून बघितलं तर अंतर आणखी कमी होतं.

ट्रकवाल्यांचा विचार फार कमी खरेदीदार करतात. चालक जितका उंच बसतो तितके त्याचे डोळे दिव्यांपासून लांब जातात आणि परत येणाऱ्या झोताच्या मध्यापासून बाहेर पडतात. १०० मीटरवरून कारच्या चालकासाठी हा कोन एक तृतीयांश अंशाच्या आसपास असतो. ट्रकच्या चालकासाठी तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो आणि फलक त्याला बराच मंद दिसतो. ज्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर किंवा सामानाचा ट्रक रात्री-पहाटे येतो, तिथे चांगल्या शीटचा खरा उपयोग त्या उंच बसलेल्या माणसाला होतो.

मी तिघांकडूनही तळहाताएवढा शीटचा तुकडा मागितला. घरातले सगळे दिवे घालवले, तुकडे लांबच्या भिंतीला चिकटवले आणि टॉर्च कानशिलाला लावून, म्हणजे अगदी डोळ्याशेजारी धरून, बघितलं. टॉर्च हातात खाली धरला तर ही परीक्षा फसते, कारण झोत डोळ्याकडे न येता हाताकडे परत जातो. सगळ्यात स्वस्तवाल्याचा तुकडा काळाठिक्कर पडला. ती रिफ्लेक्टिव्ह शीट नव्हतीच, दुकानाच्या पाट्यांना वापरतात तसं साधं व्हिनाइल होतं. शेजारच्या काकांना मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण स्वस्त कोटेशनचा आग्रह सगळ्यात जास्त त्यांचा होता. त्यांनी स्वतः टॉर्च धरून दोनदा बघितलं आणि म्हणाले, “अहो, हा तर दिवसाचा फलक झाला. आपल्याकडे भीती आहे ती रात्रीची.” त्यानंतर त्या कोटेशनचं नाव कुणी काढलं नाही.

लाल रंगाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह शीटवर पारदर्शक लाल शाई किंवा पारदर्शक लाल फिल्म चढवली तर प्रकाश तिच्यातून आत जाऊन परत येतो आणि फलक रात्रीही लालच दिसतो. त्याऐवजी अपारदर्शक लाल चिकटवला तर अक्षरं तेवढी चमकतात आणि भोवतीचा अष्टकोन काळा होऊन अंधारात विरघळून जातो. मग आकारावरून फलक ओळखण्याची सोयच गेली. ‘थांबा’ला अष्टकोन दिला तो इतर सगळ्या फलकांपेक्षा वेगळा दिसावा म्हणून. मागून बघितला किंवा वर चिखल बसला तरी आकार बोलतो. शिवाय उन्हात बहुतेक सगळ्यात आधी उडतो तो लालच. अमेरिकेत ‘थांबा’चा फलक कित्येक वर्षं पिवळा होता, कारण न विटणारा लाल मिळत नव्हता. टिकाऊ रंग आल्यावर १९५४ मध्ये तो लाल झाला. म्हणून कोटेशनमध्ये शीटच्या हमीबरोबर शाईची किंवा फिल्मची हमीही लिहून घ्यावी. दोन्ही एकाच कंपनीच्या असतील तर पुढे वाद होत नाही.

छपाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्क्रीन प्रिंटिंगला आधी जाळी तयार करावी लागते, तो खर्च शेकडो फलकांवर पसरला तर कळत नाही, एकावर पडला तर डोळ्यांत भरतो. एकटादुकटा फलक हवा असेल तर डिजिटल छपाई किंवा कापून चिकटवलेली फिल्म परवडते. विक्रेत्याकडे तयार साठ्यातला प्रमाणित फलक असेल तर सगळ्यात उत्तम. चित्राचे पैसे मात्र कुणालाही देऊ नयेत. ते चित्र जगाने आधीच काढून ठेवलं आहे. १९०९ मध्ये पॅरिसच्या करारात खड्डा किंवा उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक अशी फक्त चार चिन्हं ठरली होती. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना करारापर्यंत त्यांची एक मोठी व्यवस्था उभी राहिली. आज बहुतेक देशांच्या नियमपुस्तिकेत प्रत्येक फलकाचं मापासकट रेखाटन छापलेलं असतं. भारतात आयआरसी ६७, युरोपात फलकाच्या दर्जासाठी ईएन १२८९९, अमेरिकेत एमयूटीसीडी. कोटेशनमध्ये ‘डिझाइन चार्जेस’ असा आकडा दिसला तर तो खोडायला सांगावा.

स्वतःचा मजकूर लिहून घ्यायचा मोह मात्र आवरावा लागतो. आमच्यातल्या काहींना फलकावर ‘हळू चालवा, इथे मुलं खेळतात’ असं हवं होतं. भावना मला पूर्ण कळते, माझीही मुलं त्याच रस्त्यावर सायकल शिकली. पण ढोबळ नियम असा आहे की २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर साधारण ९ मीटरवरून वाचता येतं. ताशी ३६ किलोमीटरने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. ४५ मीटरवरून वाचता यायचं तर अक्षर १२५ मिलिमीटर उंच हवं आणि एवढी अक्षरं मावायला फलक दाराएवढा लागेल. त्यात वाहतूक अभियंत्यांचा अशा मजकुराला मुळातच विरोध असतो: चालकाने नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही, आणि पालकांना उगाच वाटतं की आता मुलं सुरक्षित झाली. तेच पैसे आम्ही एक गतिरोधक आणि त्याची सूचना देणारा छोटा फलक यांवर खर्च केले.

खांब आणि पाया यांचा आकडा बघून सगळ्यांनाच धक्का बसतो. १.६ किलोच्या फलकासाठी ४५० गुणिले ४५० गुणिले ६०० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा घालतात. त्याचं वजन होतं जवळजवळ २९० किलो. हा खर्च अवास्तव वाटतो खरा, पण वाऱ्याचा हिशेब केला की पटतो. सेकंदाला ४० मीटरच्या वादळी वाऱ्यात, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरला, दर चौरस मीटरवर सुमारे १०० किलो वजनाएवढा दाब येतो. आमच्या अष्टकोनाचं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर. म्हणजे जमिनीपासून अडीच मीटरवर तीस किलोचा सततचा धक्का. पहारीला लांबून जोर दिल्यासारखा तो पायावर जाऊन पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ‘आमच्याकडे एवढा वारा नसतो’ या वाक्यावर पाया ठरवू नये. फलकाची खालची कड जिथून माणसं चालतात तिथे किमान २.१ मीटर उंच हवी, नाहीतर पावसात छत्री घेऊन मान खाली घालून चालणाऱ्याच्या कपाळावर ती धारदार कड बसते.

खांब गरम जस्ताच्या कुंडात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलाच घ्यावा. वरून फासलेला चंदेरी रंग म्हणजे गॅल्व्हनाइझिंग नव्हे. भोकं पाडण्याचं काम बुडवण्याच्या आधी झालं पाहिजे, नंतर पाडलेलं भोक म्हणजे गंजाला दिलेलं दार. आणि खांब जितका मजबूत तितका चांगला हेही खरं नाही. गाडी किंवा दुचाकी येऊन धडकली तर भक्कम खांब माणसाचा जीव घेतो. म्हणून वेगवान रस्त्यांवर धडकेत वाकणारे किंवा तळाशी सुटणारे खांब वापरतात. आमच्याकडे वेग कमी, तरी मी पातळ भिंतीचा खांब निवडला आणि तो वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे घसरलेली दुचाकी जाईल तिथे, येणार नाही एवढं बघितलं.

बोल्टवर थोडे जास्त पैसे घालावेत. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात भाव मिळतो आणि काहींना फलक खोलीत लावायची हौस असते. फ्लोरिडात १९९६ मध्ये एका चौकातला ‘थांबा’चा फलक जागेवर नसल्याने कार सरळ ट्रकच्या वाटेत गेली आणि तिघा तरुणांचा जीव गेला. आसपासचे फलक चोरणाऱ्या तिघांना पुढे सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं, ते निकाल नंतर अपिलात रद्द झाले. गेलेले जीव मात्र गेलेच. त्यामुळे एकदा घट्ट केल्यावर साध्या पान्याने न सुटणारे नट घेणं ही चैन नाही. आणि कुणी वापरलेला खरा फलक स्वस्तात देऊ केला तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय घेऊ नये. सरकारी फलकाच्या पाठीवर बहुधा खुणा असतात.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च कोटेशनमध्ये येतच नाही: परवानगी. फलक विकत घेणं आणि तो लावण्याचा अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक रस्त्यावर फलक उभारण्याचा अधिकार जवळपास सगळीकडे सरकारचा किंवा रस्त्याच्या प्राधिकरणाचा असतो. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११६ त्याबद्दल आहे, ब्रिटनमध्ये २०१६ चे वाहतूक चिन्हांचे नियम आहेत. खासगी जागेत बरीच मोकळीक असते, तरी लोक ज्या खासगी रस्त्यावरून सर्रास ये-जा करतात तिथे अमेरिकेची एमयूटीसीडी तिचीच मानकं पाळायला सांगते. आमच्या बाबतीत अडचण हद्दीची होती. फलकाची योग्य जागा दिसत होती मोठ्या रस्त्याच्या कडेला, आणि ती कडेची पट्टी आमची नव्हे, रस्त्याच्या हद्दीतली. नकाशा काढून मोजणी करून घेतली, अर्ज दिला, आणि खांब आमच्या हद्दीच्या आत उभा करायचं ठरलं. या कागदपत्रांना फलक बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. विनापरवानगी लावलेला फलक काढायला लावतात तेव्हा काढण्याचा खर्चही आपलाच, आणि त्या फलकामुळे अपघात झाला असं कुणी म्हटलं तर उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं.

शेवटी आम्ही मधल्या कोटेशनवाल्याकडूनच घेतला, पण त्याच्या मूळ कोटेशनमध्ये प्रकार १ ची शीट होती ती बदलून प्रकार ४ ची घेतली, नट बदलले, डिझाइनचा आकडा काढायला लावला. रक्कम थोडी वाढली. खड्डा आणि काँक्रीटचं काम स्थानिक गवंड्याकडून वेगळं करून घेता आलं असतं, पण फलक वाकडा बसला तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून सगळं एकाच माणसाकडे ठेवलं. त्याने फलक रस्त्याला काटकोनापेक्षा किंचित बाहेर वळवून बसवला, समोरून आलेला झोत सरळ आरशासारखा डोळ्यावर चमकू नये म्हणून. असं बारकाईने काम करणारा माणूस मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्यायला माझी कधीच हरकत नसते.

वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने तो धुवायचा, खरखरीत घासणी लावायची नाही आणि पावसाळ्यानंतर कुंपणावरच्या फांद्या छाटायच्या, एवढं काम आम्ही वाटून घेतलं आहे. फलकाच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव, शीटचा प्रकार आणि बसवल्याची तारीख न पुसणाऱ्या अक्षरांत लिहून घेतली आहे, म्हणजे हमीच्या मुदतीत शीट सुटली किंवा लाल विटला तर तेव्हा या कामाकडे बघणारं जे कुणी असेल त्याला जुनी बिलं शोधत बसायला लागणार नाही.